एसी चालू की घरघर, बंद की घुसमट: स्टुडिओतल्या आवाजाचा माग कसा काढायचा

मार्च तापायला लागला की सांगली, मिरज, कुपवाड पट्ट्यातल्या छोट्या स्टुडिओंमधून एकच तक्रार सुरू होते. एसी चालू ठेवला तर गाण्यामागे घरघर येते आणि बंद केला तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गायक घामाघूम होतो. मग टेकच्या, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगच्या, आधी रिमोट दाबायचा, टेक संपला की परत दाबायचा, असा खेळ मे अखेरपर्यंत चालतो. पावसाळा लागला की तक्रार विसरली जाते आणि पुढच्या मार्चात जशीच्या तशी उगवते. मधल्या काळात कुणीतरी हमखास सांगतं, "मशीनच बदला की, नवीन इन्व्हर्टर घ्या, आवाजच येत न्हाई बघा." मशीन बदललं जातं. आवाज तिथंच असतो.

कारण बहुतेक वेळा तो आवाज मशीनचा कमी आणि अरुंद वाटेतून घाईनं ढकललेल्या हवेचा जास्त असतो. हवेला रुंद वाट आणि कमी वेग दिला तर साधं मशीनही शांत वाटतं. चार इंची पाइपातून हवा रेटली तर महागातलं महाग मशीनही फुसफुसणार. हे एकदा पटलं की निम्मे चुकीचे खर्च वाचतात. उरलेल्या तक्रारींची कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतीलच. पण कुठल्याही कारणावर पैसे घालण्याआधी आवाज नक्की कुठला आहे हे ठरवायला हवं.

आधी खात्री करा: आवाज हवेतून येतोय की तारेतून?

पुष्कळदा "एसीचा आवाज" हा आवाजच नसतो. एसी चालू झाला की वायरिंगमधून गुणगुण ऑडिओच्या साखळीत शिरते आणि हेडफोनमध्ये ऐकू येते. खोलीत कान लावून बसलात तर काही नाही. हे ओळखायची पद्धत सोपी आहे. एका एक्सएलआर (माईकच्या तीन पिनांच्या) प्लगमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनांत १५० ते २०० ओमचा रेझिस्टर डाकून घ्या, फँटम पॉवर (माईकला केबलमधून मिळणारी वीज) बंद करा आणि माईकच्या जागी तो प्लग लावून त्याच गेनवर (आवाज वाढवण्याच्या पातळीवर) रेकॉर्ड करा. माईकच नाही, तेव्हा खोलीतला आवाज येण्याचा प्रश्नच नाही. तरीही गुणगुण आली तर एसीवाल्याला फोन करू नका, इलेक्ट्रिशियनला करा.

अशा वेळी ऑडिओची लाइन डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासूनच वेगळी घ्यावी. एसी, पंख्याचे रेग्युलेटर आणि स्टॅबिलायझर त्या लाइनवर ठेवू नयेत. माईकच्या केबली एसीच्या वायरीला समांतर धावत असतील तर त्या लांब न्या, आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. गुणगुण घालवायला थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाकणारे आपल्याकडे अजून आहेत. गुणगुण जाते खरी, पण एक दिवस गायकाच्या ओठाला माईक लागतो आणि शॉक बसतो. ग्राउंड तोडायचाच असेल तर ऑडिओच्या बाजूनं, ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्सवरचा (वाद्य आणि मिक्सरच्या मधे लावायच्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका वापरून तोडा.

मग चार रेकॉर्डिंग करा

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर इथं विसंबू नका. त्या माईकचा स्वतःचाच आवाज शांत स्टुडिओपेक्षा जास्त असतो, त्यामुळे एका पातळीच्या खाली आकडा उतरतच नाही. तुमच्याकडचा सगळ्यात शांत कंडेन्सर माईक गायक उभा राहतो तिथंच ठेवा, गेन एकदा ठरवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. पहिलं रेकॉर्डिंग सगळं बंद असताना. दुसरं फक्त एसीचा पंखा चालू, कॉम्प्रेसर नाही. तिसरं कॉम्प्रेसरसकट. चौथं बाहेरची हवा आणणारा पंखा असेल तर तोही चालू करून. प्रत्येक वेळी मिनिटभर तरी थांबा. मग चारही फायली स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज ते दाखवणाऱ्या आलेखावर) एकावर एक ठेवून पाहा.

दुसऱ्यातच ५०० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात रुंद फुगवटा दिसला तर तो हवेच्या वेगाचा आहे. कानाला तो "सूऽऽ" असा लागतो. तिसऱ्यात ५० किंवा १०० हर्ट्‌झला सरळ काठी उभी राहिली तर कॉम्प्रेसरची थरथर भिंतीतून येतेय. एक ते तीन हजारांच्या मधे एकच बारीक टोक असेल तर ती शीळ आहे, म्हणजे हवा कुठल्यातरी फटीतून निसटतेय. साठच्या खाली गढूळ गडगड असेल तर पंख्याच्या तोंडाशीच वळण आहे किंवा डक्टचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या वाहिनीचा, पातळ पत्रा थरथरतोय. पहिल्याच फायलीत, म्हणजे सगळं बंद असताना, रस्ता आणि मिरज जंक्शनची गाडी ऐकू येत असेल तर एसीला दोष देण्यात अर्थ नाही. तो विषय वेगळा.

लक्ष्य किती ठेवायचं? रेकॉर्डिंग स्टुडिओसाठी एनसी-१५ ते एनसी-२० ही मर्यादा धरतात (एनसी म्हणजे खोलीतल्या मागच्या गोंगाटाची श्रेणी), म्हणजे ए-वेटेड, कानाला जसं ऐकू येतं तशा मोजमापात साधारण २५ ते ३० डीबी. भिंतीवरच्या स्प्लिट एसीच्या माहितीपत्रकावर तीसच्या घरातले आकडे दिसतात, पण ते सगळ्यात कमी वेगाच्या पंख्याचे असतात. मे महिन्यातल्या सांगलीत त्या वेगावर कोण ठेवतं! आपल्या बजेटात एनसी-२० गाठलं तरी खूप झालं. मुंबईच्या डबिंग स्टुडिओशी स्पर्धा करायला निघालात तर छत, फरशी आणि भिंती तिन्ही नव्यानं बांधाव्या लागतील.

"प्लगइननं काढून टाकू की", म्हणजे नंतर सॉफ्टवेअरनं साफ करू, हे उत्तर मला मान्य नाही, निदान आपल्या भागात तरी. इथं तानपुरा लावूनच गायचं असतं. मिरजेत तानपुरे घडतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आवाज साफ करणारं प्लगइन सतत एकसारखं वाजणारं जे काही असेल त्याला गोंगाट समजतं, आणि तानपुरा नेमका तसाच वाजतो. घरघर गेली की जवारीचं, म्हणजे तारेच्या झणकाराचं, तेजही त्यासोबत जातं. खालचं कापून टाकावं म्हणाल, तर काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, सुमारे ६९ हर्ट्‌झवर बसतो. शंभरच्या खाली कापलं की खर्जाचा पाया गेला. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे त्याच तानपुऱ्याची पंचमाची तार १०४ हर्ट्‌झच्या आसपास असते, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यानं ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींची गुणगुण १०० ला येते. दोन्ही एकत्र ऐकू आले की पंचमात सेकंदाला चारेक झोले पडतात. गायक म्हणतो तानपुरा उतरलाय, तानपुरा लावणारा खुंटी पिळत बसतो, आणि दोषी बाहेर ब्रॅकेटवर बसलेला असतो.

"सूऽऽ" असा आवाज: हवेचा वेग

दहा तक्रारींतल्या सहा-सात इथंच सुटतात, म्हणून इथं थोडं हिशेबात शिरू.

हवेच्या प्रवाहाचा आवाज वेगाबरोबर भयंकर चढतो, साधारण वेगाच्या पाचव्या-सहाव्या घातानं. वेग दुप्पट केला की आवाज १५ ते १८ डीबीनं वाढतो. उलट बाजूनं पाहिलं तर वेग निम्मा केला की तेवढाच उतरतो. कुठल्याही महागड्या मशीननं १५ डीबी मिळत नाहीत, ते नुसत्या रुंद डक्टनं मिळतात.

एक टनाचा एसी मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरवतो, म्हणजे सेकंदाला ०.१९ घनमीटर. स्टुडिओत जाळीपाशी हवेचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर जाऊ नये आणि शेवटच्या डक्टमध्ये अडीच मीटरच्या आत राहावा. ०.१९ भागिले १.५ म्हणजे जाळीत ०.१२७ चौरस मीटर मोकळी जागा हवी. जाळीच्या पट्ट्याच तिसरा हिस्सा खातात, तेव्हा प्रत्यक्षात जाळी दोन फूट बाय एक फूट लागते. परतीची जाळी निदान तेवढीच, जमल्यास मोठी. हे ऐकून डक्टवाला म्हणेल, "एवढं मोठं कशाला, सहा इंची पाइप बक्कळ झाला." सहा इंची पाइपात हीच हवा सेकंदाला जवळजवळ ११ मीटरनं धावेल. त्याच्या दृष्टीनं तो चुकीचं बोलत नाही. दुकानात आणि हॉटेलात ते चालतं, कारण तिथं कुणी ख्याल गात नाही.

जाळी दोषी आहे का हे पाहायला एक पैसा लागत नाही. जाळी काढून ठेवा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. सूऽऽ बऱ्यापैकी उतरला तर जाळी बदला. नाही उतरला तर डक्ट अरुंद आहे किंवा आत काहीतरी अडतंय. जाळीच्या मागेच बसवलेला डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप, हा नेहमीचा गुन्हेगार. हवा कमी करायला तो अर्धा बंद केला की त्याच्या कडांवरून हवा कापली जाते आणि आवाज थेट खोलीत येतो. डँपर हवाच असेल तर तो पंख्याजवळ, जाळीपासून लांब बसवा, म्हणजे त्याचा आवाज मधल्या अस्तरात मुरेल. दुसरी गोष्ट लवचीक डक्टची. फॉल्स सिलिंगच्या वर तो चेपलेला, वळकटी केलेला सापडतो. ओढून सरळ केला आणि दोन ठिकाणी पट्ट्यांनी टांगला तरी फरक पडतो.

वेग मोजायला पंख्यासारखं चाक असलेला छोटा ॲनिमोमीटर मिळतो. स्टुडिओचं काम करणाऱ्या प्रत्येकानं तो घ्यावाच. त्याच्या आकड्यापुढे वाद मिटतात.

आणखी एक सवय सोडा: खोलीच्या मानानं मोठं मशीन घेण्याची. बारा बाय दहाच्या खोलीत चार माणसं असतील तर माणसांची उष्णता साधारण साडेचारशे वॅट, उपकरणं आणि दिवे तीन-चारशे वॅट. बाहेर ३९ अंश असताना चार माणसांपुरती ताजी हवा २४ अंशांवर आणायला सातशेएक वॅट लागतात. भिंतींतून येणारी उष्णता धरली तरी एक टन, म्हणजे ३.५ किलोवॅट, पुरून उरतो. तिथं दोन टनाचं मशीन लावलं की ते दुप्पट हवा फेकतं, पाच मिनिटांत खोली गार करून थांबतं आणि परत सुरू होतं. आवाज सतत असेल तर कान एकवेळ सरावतो. टेकच्या मधोमध चालू-बंद होणारा आवाज एडिटिंगला बसणाऱ्याचा जीव खातो.

गुडगुड आणि शीळ

"एसीतून पाणी उकळल्यासारखं वाजतंय" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, एक्झॉस्ट फॅन लावलाय का? बहुतेकदा उत्तर हो असतं. खोली नीट सीलबंद असते, दाराला रबर असतं, आणि कुणीतरी घुसमट घालवायला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवतो. बाहेर जाणाऱ्या हवेच्या बदल्यात आत यायला वाटच ठेवलेली नसते. मग हवा मिळेल तिथून आत येते, आणि एसीचा ड्रेन पाइप हे उघडंच भोक असतं. त्यातून हवा वर ओढली जाते आणि ट्रेमधल्या पाण्यातून बुडबुडे निघतात, तीच गुडगुड. पंखा बंद करून दहा मिनिटं थांबा. थांबली तर निदान पक्कं. ड्रेनला पाण्याचा ट्रॅप (पाणी साचून राहणारं वळण) द्या आणि हवेला आत येण्याची रीतसर वाट करून द्या. नुसता ट्रॅप पुरत नाही, कारण उन्हाळ्यात तो सुकतो.

दाराच्या कोपऱ्यातून येणारी शीळ हाच प्रकार उलटा. आत हवा ढकलली जाते, बाहेर जायला जागा नसते. दारापाशी टिश्यूची पट्टी धरली की कुठून आणि कोणत्या दिशेनं निसटतेय ते कळतं. दाराचं रबर आणखी घट्ट करू नका, शीळ आणखी बारीक होईल.

आणि ती टकटक? एसीच्या प्लास्टिकच्या कवचाची. गार-गरम होताना ते आकसतं-फुगतं आणि खाचांत सरकतं. टेकच्या अर्धा तास आधी मशीन चालू करून तापमान एकाच आकड्यावर स्थिर ठेवलं तर ती बरीच कमी होते. टेकगणिक रिमोट दाबणारे स्वतःच ही टकटक ओढवून घेतात.

शंभर हर्ट्‌झची काठी: थरथर

आउटडोअर युनिट बूथच्याच, म्हणजे गायक गातो त्या खोलीच्याच, भिंतीवर अँगलच्या ब्रॅकेटवर टांगलेलं असेल तर बाकीचं काही तपासू नका. आधी ते तिथून हलवा. गच्चीवर, पण बूथच्या छपराच्या मध्यावर नको, खालच्या भिंतीच्या रेषेवर, काँक्रीटच्या छोट्या चौथऱ्यावर ठेवा.

रबरी पॅड लावलेत, तरी थरथर आहे, असंही होतं. पॅड काम करायचा असेल तर तो वजनाखाली दबायला हवा. किती मिलिमीटर दबला त्यावरून त्याची स्वतःची कंपनसंख्या निघते: १५.८ भागिले दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ. अर्धा मिलिमीटर दबला तर ती सुमारे २२ हर्ट्‌झ येते. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटारीची थरथर २४ हर्ट्‌झची. दोन्ही आकडे इतके जवळ आले की पॅड थरथर अडवत नाही, उलट वाढवतो. कंपनसंख्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शाखाली हवी, म्हणजे इथं आठच्या खाली. त्यासाठी चार मिलिमीटर तरी दबेल असं काहीतरी हवं. जाड मऊ रबर किंवा स्प्रिंग. उन्हात दोन-तीन वर्षं भाजून दगड झालेला पॅड असून नसल्यासारखा, आणि "मागच्या साली नव्हता, या साली आलाय" या तक्रारीमागे तो पुष्कळदा सापडतो.

इन्व्हर्टर मशीनची गंमत वेगळी. त्याचा कॉम्प्रेसर एकाच वेगानं फिरत नाही. उष्णतेप्रमाणे वेग वरखाली होतो आणि एखाद्या वेगाला तो ब्रॅकेटच्या किंवा पत्र्याच्या नेमक्या सुराशी जुळतो. तेवढ्यापुरती घूं ऐकू येते, मग जाते. तंत्रज्ञ आला की वाजत नाही, तो गेला की वाजतं. तंत्रज्ञाला दुपारी दोनला बोलवा, आणि ब्रॅकेट, पत्रा, पाइप हातानं एकेक दाबून पाहायला सांगा. ज्यावर हात ठेवला की आवाज दबतो, तो दोषी. तांब्याच्या पाइपाला युनिटजवळ एक सैल वेटोळं असावं. भिंतीतून जाताना तो सिमेंटनं गच्च धरलेला नसावा. सभोवती मऊ फोम आणि न सुकणारं सीलंट भरावं.

ताजी हवा: जी बहुतेकांकडे नसतेच

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती हवा गार करून फिरवतो. हे सांगितल्यावर अजूनही आश्चर्य वाटणारे लोक भेटतात. तेरा बाय दहा फूट, नऊ फूट उंच खोलीत साधारण ३३ घनमीटर हवा असते. शांत बसलेला किंवा हलकं काम करणारा माणूस तासाला अठराएक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चार माणसं, दार बंद, एक तास: बाहेर ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भागांच्या) आसपास असलेलं प्रमाण आत २६०० च्या आसपास जातं. गाणारा माणूस तर याहून जास्त सोडतो. खोली २२ अंशांवर गार असते आणि तरी डोकं जड होतं, जांभया येतात, वरचा षड्ज लागेना होतो. मग "आज आवाज लागत नाही" म्हणून रियाजाला दोष.

हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, उघडायचे तेव्हा माणूस लगेच आत उतरत नसे. पेव उघडं ठेवत, आत कंदील सोडून तो तेवतो का पाहत, मगच उतरत. सीलबंद बूथमध्ये लहान मुलांचा कोरस दोन-दोन तास कोंबणाऱ्यांनी निदान एक कार्बन डायऑक्साइड मीटर तरी भिंतीवर लावावा.

माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा दिली तर आकडा हजाराच्या आत राहतो. चार माणसांना ४० लिटर. तीच वेगाची गोष्ट इथंही लागू: चार इंची पाइपात ही हवा सेकंदाला पाच मीटरनं जाईल, सहा इंचीत सव्वादोननं, आठ इंचीत सव्वानं. चारवरून सहा इंचांवर गेलात की पंधराएक डीबी सुटतात, आणि पीव्हीसी पाइपाच्या भावातला फरक एका जेवणाच्या बिलाएवढा असतो. पंखाही तसाच: मोठा घ्या आणि हळू फिरवा. साध्या डिमरसारख्या रेग्युलेटरनं हळू केलेली मोटार स्वतःच गुणगुणते, तेव्हा ईसी मोटारीचा (आतच इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण असलेला) पंखा किंवा मुळातच कमी फेऱ्यांचा पंखा बरा.

आता खरी अडचण. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत ५० डीबीच्या आसपास आवाज अडवते. आठेक चौरस मीटरच्या त्या भिंतीत सहा इंची उघडं भोक पाडलं की सगळी भिंत मिळून २६-२७ डीबीवर येते. भोक भिंतीच्या एक टक्कासुद्धा नसतं, तरीही. म्हणून हवा आत आणताना आवाज बाहेर ठेवणारी बॅफल पेटी लागते. हे काम सुताराचं आहे आणि आपल्याकडचे सुतार ते छान करतात, फक्त मापं कागदावर काढून द्यावी लागतात.

अठरा मिलिमीटर जाड फळीच्या दोन थरांची जड पेटी. आत नागमोडी वाट, किमान तीन-चार वळणं. प्रत्येक भिंतीला ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), वरून काळं टिश्यू कापड, म्हणजे तंतू हवेत उडणार नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अस्तर लावून झाल्यावर उरलेली वाट पाइपाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट असावी. आठ इंची पाइपासाठी आठ बाय बारा इंच मोकळं. बघायला गेलं तर बहुतेक बॅफल पेट्या इथंच बिघडतात. सुतार अस्तर धरतच नाही, वाट निम्मी होते, वेग दुप्पट होतो आणि पेटीच शीळ घालायला लागते. सांधे सिलिकॉननं भरा. पेटी भिंतीला घट्ट बोल्ट करू नका, खाली रबर द्या. एक पेटी आत येणाऱ्या हवेला, एक बाहेर जाणाऱ्या. एकच लावून दुसरी "पुढच्या साली" म्हणालात तर गुडगुड आणि शीळ यांच्याकडे परत जाल.

अस्तराकडून चमत्कार अपेक्षू नका. ते मधला आणि वरचा आवाज खातं. गणपतीतल्या ढोलाचा, वरातीतल्या डीजेचा ठोका त्यातून येणारच. कंट्रोल रूम आणि बूथला एकाच डक्टमधून हवा देत असाल तर इंजिनिअरचं बोलणं डक्टमधून माईकपर्यंत पोचतं. दोघांना स्वतंत्र फांद्या आणि प्रत्येकीत स्वतंत्र अस्तर हवं.

बाहेरच्या तोंडाला धुता येणारी गाळणी लावा. मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची भुकटी, गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आसपास चिपाडाची राख, बाकी सगळीकडे रस्त्याची धूळ. गाळणी तुंबली की पंखा जोर लावतो आणि आवाज चढतो. एसीच्या ब्लोअरच्या ड्रमवर धूळ बसली की त्याचा तोल जातो. मार्चमध्ये "अचानक" आलेल्या कित्येक घरघरी नुसत्या ड्रम धुण्यानं जातात. जाळी धुणं वेगळं, ड्रम धुणं वेगळं. सर्व्हिसवाला पहिलं करून दोन्हीचे पैसे घेत नाही ना ते पाहा.

पावसाळ्यात काय बदलतं

जुलैत तापमान उतरतं, दमटपणा चढतो. बाहेरची हवा आत घेता तेव्हा तो दमटपणाही घेता. तबल्याची पुडी सैल पडते, तानपुऱ्याचा भोपळा फुगतो, बूथमधल्या फोमला वास येतो. मोठ्या मशीनचा तोटा इथं सगळ्यात जास्त दिसतो. ते खोली लगेच गार करून थांबतं आणि हवा कोरडी करायला त्याला वेळच मिळत नाही. लहान मशीन हळू पंख्यावर सतत चालू असलं तर ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरता येते. गार झोत तबल्यावर किंवा हार्मोनियमवर थेट येऊ देऊ नका. हवा वर, भिंतीच्या कडेनं सोडा.

गावभाग किंवा नदीकडच्या बाजूला तळमजल्यावर स्टुडिओ असेल तर पंखा आणि बॅफल पेटी वरच ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको. भिजलेलं रॉकवूल वाळवून परत वापरू नका. वरून कोरडं लागलं तरी आत बुरशी धरते आणि तीच हवा गायकाच्या छातीत जाते. पेटीचं झाकण स्क्रूचं ठेवलंत तर अस्तर बदलणं तासाभराचं काम.

भिंत फोडायची परवानगी नसेल तर

भाड्याच्या जागेत वरचं सगळं होत नाही, हे मान्य. मग टेकचं वेळापत्रक हवेप्रमाणे लावा. सत्राआधी तासभर खोली २१ अंशांवर आणून ठेवा म्हणजे भिंतीही गार होतात. टेकच्या वेळी एसी बंद न करता पंखा सगळ्यात खालच्या वेगावर आणि तापमान २५ वर ठेवा. माईकची पाठ, म्हणजे कार्डिऑइडची बहिरी बाजू, एसीकडे करा. गायक एसीच्या झोतातून बाजूला आणा. दर पाऊण तासानं दार सताड उघडून, कंट्रोल रूमच्या खिडकीत टेबलफॅन लावून दहा मिनिटं हवा बदला. तेवढ्यात चहा होतो. उपकरणांतला जो पंखेवाला संगणक बूथमध्ये आहे तो लांब केबलनं बाहेर काढा. तो उष्णताही देतो आणि आवाजही, आणि एसीच्या नावावर बराच काळ त्याचंच पाप खपत असतं. एप्रिल-मे मध्ये महत्त्वाची गाणी सकाळी सहा ते दहा या वेळेत घ्या. गळा लागायला गायक कुरकुर करतील, पण मशीनला तेव्हा धापा टाकाव्या लागत नाहीत.

जागा स्वतःची असेल आणि पैसे एकदाच घालायचे असतील तर माझा क्रम असा: आधी आउटडोअर युनिटची जागा, मग ताज्या हवेच्या दोन पेट्या, मग रुंद डक्ट आणि जाळ्या. नवीन मशीन सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत ते लागेलच असं नाही.